तीनशे सतरावं पान

झेरॉक्स मीच काढले, म्हणून सगळे मलाच विचारतात.

कुताइसीत, रिओनीच्या पुलावरून वर येताना
डाव्या हाताला माझं दुकान.
पासपोर्टचे फोटो, लॅमिनेशन, मयताच्या पत्रिका,
आणि त्या वर्षी फेब्रुवारीत सहाशे बारा पानं,
प्रती चार,
त्सियाला बाईंच्या सिद्धतेची.
दोन दिवस मशीन तापलेलं, दुकानभर इस्त्रीचा वास.
एक प्रत मुरमान पाववाल्याच्या तराजूवर ठेवली :
तीन किलो, वर थोडं.
एवढ्याची हमी मी आजही देतो.

एप्रिलात तिबिलिसीहून टीव्हीवाले आले
आणि गाव एका रात्रीत गणिती झालं.

मार्शुत्काचा ड्रायव्हर म्हणाला, आता हे कुणीतरी चोरणार.
मुरमान म्हणाला, माझ्या भट्टीला पाव कसा चिकटून राहतो
ते हिनं काढलेलं असणार, नाहीतर एवढी पानं कशाला?
बाईंची चुलत बहीण एतेरी
देवळात मेणबत्ती लावून थेट माझ्याकडे आली.
"डोकं आहे, मान्य. पण छप्पर तीन वर्षं गळतंय तिचं."
औषधवाला नुगझार, इंजिनियरिंग अर्धं टाकलेला,
त्यानं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं,
तिसऱ्यावर चष्मा पुसला, परत वाचलं,
म्हणाला, "भाषा आपलीच आहे. एवढं नक्की."

बाजारात दोन तट पडले, खरं आणि खोटं.
वाचलेलं कुणीच नव्हतं,
त्यामुळे भांडण अगदी मोकळ्या मनानं झालं.
एकाचं नाक फुटलं.

जूनमध्ये परदेशातून सात प्राध्यापक आले.
आठ दिवस तंत्रशाळेच्या वर्गात, खिडक्या लावून.
बाहेर पोरं भिंतीला कान लावून बसायची
आणि खडूचा आवाज गावभर सांगत सुटायची.
नवव्या दिवशी सामान आवरून
त्यांच्यातला एक उंच, हालवर्द नावाचा,
माझ्याकडे तिकिटाची प्रत काढायला आला.
दुभाषी पोरगी सोबत. तिच्या तोंडून म्हणाला,
"तीनशे सोळापर्यंत तिच्या मागून चाललो.
पुढं पायरी दिसत नाही.
नाहीच आहे, असंही म्हणवत नाही."

माझ्या पोटात धस्स झालं.

तीनशे सतरा मशीननं चावलं होतं.
ओढून काढलं, ड्रॉवरमध्ये कोंबलं, पुन्हा छापलं.
छापलंच ना? चारही प्रतींत?
शटर ओढून घेतलं आणि त्या रात्री
ते चुरगळलेलं पान काचेवर तळहातानं सपाट केलं.
एक बाण. तिवईसारखं एक चिन्ह, सात वेळा.
आणि पाच वेळा "म्हणून".
बाकी सगळं डोक्यावरून गेलं,
पण ते "म्हणून" मात्र कळल्यासारखे वाटले :
अंधारात जिना उतरताना
बाई पाय पुढं करून चाचपतायत,
आणि दर वेळी
खाली काहीतरी लागतंय.

सकाळी पान घेऊन त्यांच्याकडे गेलो.
अंगणात आंबट हिरव्या आलुबुखारांच्या बिया काढत होत्या,
बोटं काळवंडलेली.
पानाकडे नुसतं पाहिलं.
"हे त्यांच्याकडे आहे. चारही प्रतींत आहे. मी मोजलंय."
मी सुटलो. मग धीर करून विचारलं,
बाई, चुकलंय का?
"नाही."
तीन-चार बिया वाटीत पडल्या.
"मला तरी नाही वाटत."

पान घडी करून परत माझ्या हातात दिलं.
"तुला कळलं?"
नाही, बाई.
"बरं झालं," म्हणाल्या. "शाळेत हो म्हणायचास."

मग पाटाकडे बोट केलं.
मी बसलो, दुसरी सुरी घेतली.
टोपली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती.